लाइन बंद झाली, साहेब!

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून थोडे चालले की एक गजबजलेला रस्ता लागतो. पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लोकांच्या तोंडी मात्र लॅमिंग्टन रोड. हे लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांनी खुर्ची सोडून शंभरावर वर्षे झाली, तरी टॅक्सीवाला अजून त्यांच्याच नावावर मीटर टाकतो. जुन्या रेडिओचा सुटा भाग शोधायला निघालेल्या माणसाला पहिला धडा असा दुकानात शिरण्याआधीच मिळतो. कागदावरचा नंबर वेगळा, बाजारात चालणारा नंबर वेगळा, आणि दोन्ही पाठ असल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

या रस्त्यावर दोन प्रकारची गिऱ्हाइके येतात. पहिल्या प्रकाराला काहीतरी नवे हवे असते. ती भाव विचारतात, घासाघीस करतात, पिशवी घेऊन जातात. दुसरा प्रकार लांबूनच ओळखू येतो. हा गृहस्थ खिशातून काडेपेटी काढतो, काडेपेटीतून कापूस काढतो आणि कापसातून एक काळी पडलेली तीन पायांची वस्तू काढून काउंटरवर इतक्या हळुवारपणे ठेवतो, की तिला हात लावण्याआधी परवानगी घ्यावी की काय असे दुकानदाराला वाटते.

“हे आहे का?”

दुकानदार वस्तू उजेडाकडे धरतो, चष्मा कपाळावर सरकवतो. नंबराची पहिली अक्षरे जळून गेलेली असतात आणि शेवटचे आकडे गिऱ्हाइकाने वाचता यावेत म्हणून घासून घासून घालवलेले असतात.

“कशातला आहे?”

या साध्या प्रश्नाला ‘ॲम्प्लिफायरमधला’ हे उत्तर पुरेसे असते. पण काडेपेटीवाला गृहस्थ एवढ्यावर थांबत नाही. ॲम्प्लिफायर वडिलांनी कोणाच्या लग्नाच्या वर्षी घेतला, त्यावर पहिली रेकॉर्ड कोणती लागली, शेजारचे कोण कोण ऐकायला येत, हे सगळे तो सांगतो. तेवढ्या वेळात दुकानदाराचा पोऱ्या दोन सीसीटीव्ही आणि एक राउटर विकून मोकळा होतो. हकिगत संपल्यावर निकाल जाहीर होतो.

“वो लाइन बंद हो गया, अंकल.”

बिघाड शोधणे हे त्या मानाने सोपे काम. हाताचा चांगला कारागीर मीटरच्या दोन काड्या इकडेतिकडे टेकवतो आणि चहा यायच्या आत सांगतो की आउटपुटचा ट्रान्झिस्टर गेलाय, किंवा फिल्टर कंडेन्सर सुकलाय. खरी दुरुस्ती त्यानंतर सुरू होते, आणि तिच्यात सोल्डरपेक्षा चपला जास्त खर्ची पडतात.

आता ‘लाइन बंद’ याचा अर्थ सगळे संपले असा नसतो. मूळ नंबर नाही तर ‘इक्विव्हॅलंट’ शोधायचा. हा व्यवहार पत्रिका जुळवण्यासारखा चालतो. व्होल्टेज जुळले पाहिजे, करंट जुळला पाहिजे, गेन जुळला पाहिजे, आणि सगळे गुण जुळल्यावर ऐन वेळी कळते की स्थळ एनपीएन हवे होते, हे पीएनपी आहे. यासाठी पूर्वी जाडजूड पुस्तके मिळत. टॉवर्स यांचे ट्रान्झिस्टर सिलेक्टर ज्याच्या टेबलावर असे त्याचा गल्लीत दबदबा असे. हजारो नंबर आणि प्रत्येकापुढे त्याचा पर्याय. पुस्तकात दिलेला पर्याय हा मूळ नंबराइतकाच दुर्मिळ असतो, हा शोध मात्र ज्याचा त्याने लावायचा.

जपानी ट्रान्झिस्टरांनी यात भर घातली. त्यांच्या नावाची सुरुवात ‘२एस’ने होते, पण अंगावर जागा कमी म्हणून तेवढेच वगळून छापतात. म्हणजे ‘२एससी १८१५’च्या पाठीवर नुसते ‘सी १८१५’. नवशिक्या माणूस ‘सी’पासून सुरू होणारा नंबर पुस्तकात शोधत बसतो. त्याच्या जागी आपल्याकडे कुठेही मिळणारा बीसी ५४७ अनेक ठिकाणी खुशाल चालतो. अडचण पायांची. बीसी ५४७चे पाय कलेक्टर, बेस, एमिटर या क्रमाने. सी १८१५चे एमिटर, कलेक्टर, बेस या क्रमाने. त्यामुळे नव्या पाहुण्याला जुन्या भोकांत बसवताना पायांची तिढी घालावी लागते. एक पाय दुसऱ्याला टेकला की पाहुणा जातो, आणि कधी कधी यजमानालाही घेऊन जातो.

कंडेन्सरची गोष्ट आणखी गमतीची. शाळेच्या पुस्तकाने आणि इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाने कितीही ‘कपॅसिटर’ म्हटले तरी दुरुस्तीच्या टेबलावर तो कंडेन्सरच. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओत तो ८, १६, ३२, ५० मायक्रोफॅरड अशा गोल आणि दुप्पट-चौपट आकड्यांत असे. नंतर जगाने प्रमाणित आकडे ठरवले. १०, १५, २२, ३३, ४७, ६८. प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे दीडपट. हिशेबाला हे सोयीचे, पण ‘पन्नासचा द्या’ म्हणणाऱ्या काकांच्या हातात जेव्हा सत्तेचाळीसचा पडतो तेव्हा त्यांना तीन मायक्रोफॅरडने फसवल्याची भावना होते. खरे तर जुन्या पन्नासच्या कंडेन्सरवरच वीस टक्के कमी ते पन्नास टक्के जास्त एवढी सूट कारखान्याने घेतलेली असे. तो चाळीसचाही असू शकत होता आणि पंचाहत्तरचाही. काकांनी इतकी वर्षे कोणता पन्नास ऐकला हे कारखान्यालाही सांगता आले नसते.

दुसरी फसवणूक आकाराची वाटते. जुना कंडेन्सर मनगटाएवढा, नवा अंगठ्याएवढा. मायक्रोफॅरड आणि काम तेच. पण रेडिओ उघडून दाखवल्यावर मालकाचा चेहरा पडतो, कारण मधोमध मोकळे मैदान आणि त्यात एक इवलेसे नळकांडे उभे. यावर शौकिनांनी उपाय काढला आहे. जुन्या कंडेन्सरचे ॲल्युमिनियमचे डबडे पोखरायचे, आतला सुकलेला ऐवज काढून टाकायचा, नवा छोटा कंडेन्सर आत बसवायचा आणि डबडे पुन्हा बंद करायचे. वरून १९५८, आतून परवाचा. जगभर या कामाकडे मोठ्या आदराने पाहिले जाते.

हेच काम नकली माल बनवणारेही करतात. मोठ्या कंपनीच्या नावाचे मोठे डबडे, आत छोटा भिकार कंडेन्सर. कृती शब्दशः तीच. फरक एवढाच की पहिल्याला जीर्णोद्धार म्हणतात आणि दुसऱ्याला गुन्हा.

कागदी कंडेन्सरांपैकी रिफा या स्वीडिश कंपनीचे पिवळसर पारदर्शक कंडेन्सर तर सगळ्या जगात ओळखले जातात. रेवॉक्ससारख्या भारी टेपरेकॉर्डरमध्ये ते वीज आत येते तिथे बसवलेले असत. काळाबरोबर त्यांच्या कवचाला बारीक भेगा पडतात, भेगांतून दमट हवा आत शिरते, आणि कित्येक वर्षे कपाटात ठेवलेले यंत्र मोठ्या कौतुकाने सुरू केले की थोड्याच वेळात फट् असा आवाज होऊन खोली धुराने भरते. घरचे लोक अग्निशमन दलाला फोन करण्याच्या बेतात असतात. जाणकार मात्र नाकानेच निदान करतो आणि म्हणतो, “काही नाही, रिफा गेला.” यंत्र पुष्कळदा पुढे वाजतही राहते. वाजवणाऱ्याचे मन मात्र संगीतात लागत नाही.

नकलीचा खरा बाजार भरतो तो पॉवर ट्रान्झिस्टरांत. २एन३०५५ हा धातूच्या टोपीतला जाडजूड ट्रान्झिस्टर साठच्या दशकापासून ॲम्प्लिफायरांत आणि पॉवर सप्लायमध्ये राबतो आहे. तोशिबाची सी ५२०० आणि ए १९४३ ही जोडी त्याच्या नंतरची. यांच्या नकला इतक्या झाल्या की अस्सल जोडी दाखवली तर लोक तिच्यावरच संशय घेतात. नकली ओळखण्याच्या रीतीही ठरलेल्या. कोणी ॲसिटोनचा बोळा फिरवून छापलेली अक्षरे निघतात का पाहतो. कोणी तळहातावर वजन तोलतो. अगदी हट्टी माणूस टोपी कापून आतला सिलिकॉनचा तुकडा किती मोठा आहे ते बघतो. ही शेवटची परीक्षा सर्वांत खात्रीची. तीत उतरलेला ट्रान्झिस्टर शंभर टक्के अस्सल असतो आणि तितकाच निरुपयोगी.

सान्यो कंपनीच्या ‘एसटीके’ मालिकेचे भले मोठे आयसी घ्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कितीतरी जपानी ॲम्प्लिफायरांचे सगळे बळ या एका काळ्या वडीत साठवलेले होते. सान्योचा हा अर्धसंवाहकांचा व्यवसाय २०११च्या सुरुवातीला एका अमेरिकी कंपनीकडे गेला आणि पुढे या मालिकेचा जीव संपला. बाजारात मात्र सान्योची छाप असलेला ताजा माल अजून येतच असतो. कारखाना बंद पडल्यावर उत्पादन वाढले, असे उदाहरण उद्योगाच्या इतिहासात फार सापडणार नाही.

“साहेब, ओरिजिनल आहे. घ्या.”

“गॅरंटी?”

“इलेक्ट्रॉनिक्सला गॅरंटी नसते, साहेब.”

पुण्यातल्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास, तपकीर गल्लीतही हा माल मिळतो, पण तिथला दुकानदार तो सहजासहजी विकत नाही. आधी गिऱ्हाइकाने काय काय तपासले हे विचारतो. बायस पाहिला का? स्पीकर शॉर्ट आहे का? मग तो ट्रान्झिस्टर गेला कसा? ‘कारण शोधा आधी, नाहीतर नवापण जाईल,’ असे सांगून तो गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवतो. धंदा म्हणून हे चुकीचे आणि विज्ञान म्हणून अगदी बरोबर.

या सगळ्या धावपळीत एक नियम हळूहळू लक्षात येतो. एखादा भाग मिळतो की नाही, हे यंत्र किती चांगले होते यावर ठरत नाही. तोच भाग आज आणखी कोणाला हवा आहे, यावर ठरते. व्हॉल्व्हचे उदाहरण यासाठी पाठ करून ठेवावे असे आहे.

भारतात बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. ठाण्याला मर्फीचा कारखाना होता, पुण्याजवळ लोणी काळभोरला फिलिप्सचा. म्हणजे रेडिओ महाराष्ट्रात जुळलेला, व्हॉल्व्ह कर्नाटकातला आणि गाणे विविध भारतीचे, असा सगळा संसार देशातल्या देशात चाले. ट्रान्झिस्टर आला, व्हॉल्व्हची गरज संपली, आणि विसावे शतक संपता संपता इंग्लंड-अमेरिकेतल्या बहुतेक नामांकित कारखान्यांनी त्याचे उत्पादन थांबवले. एव्हाना व्हॉल्व्ह नामशेष व्हायला हवे होते.

ते झाले नाहीत, कारण इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांना ट्रान्झिस्टर पसंत पडला नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये आवाज मर्यादेबाहेर ताणला की तो जसा फाटतो, तसाच त्यांना फाटलेला हवा. रेडिओच्या कारागिराने आयुष्यभर जो आवाज काढून टाकण्यासाठी धडपड केली, त्याच आवाजासाठी हे लोक पैसे मोजायला तयार झाले. त्यांच्या जिवावर रशियातले सारातोव्ह, स्लोव्हाकियातले चाद्‌त्सा आणि चीन इथले कारखाने चालू राहिले. म्हणून ईसीसी ८३ आणि ईएल ८४ हे व्हॉल्व्ह आजही नवे कोरे मिळतात. सदाशिव पेठेत कोणी ईएल ८४ बसवलेल्या रेडिओवर भीमसेन जोशी ऐकत असेल, तर त्याने हेवी मेटल वाजवणाऱ्या केसाळ तरुणांचे आभार मानायला हरकत नाही. त्यांनी आवाज फाडला म्हणून याचा आवाज नितळ राहिला.

मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धापायी रशियाने निर्यातीवर निर्बंध आणले आणि जगभर व्हॉल्व्हचे भाव उसळले. पेठेतल्या बैठकीच्या खोलीतल्या रेडिओचा आणि युद्धाचा संबंध आधी फक्त बातम्यांपुरता असे. आता तो सुट्या भागांपर्यंत पोहोचला.

हाच नियम उलटाही चालतो. जुन्या रेडिओच्या दर्शनी भागात हिरव्या उजेडाची एक छोटी पट्टी असे. स्टेशन नीट लागले की तिची सावली मिटायची. हा ‘मॅजिक आय’. ईएम ८० किंवा ईएम ८४ अशी त्याची नावे. वापरून वापरून त्याचा उजेड फिका पडतो आणि शेवटी आतली हिरवाई पूर्ण जाते. सगळ्या रेडिओत मालकाचा जीव जडलेला असतो तो नेमका यावर. पण गिटारवाल्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. त्यामुळे तो मिळतो तो रशियातल्या किंवा आणखी कुठल्या जुन्या साठ्यांतला, आणि जसजसे साठे आटतात तसतसा भाव चढतो. या मालाला ‘न्यू ओल्ड स्टॉक’ म्हणतात. नवा-जुना माल. पन्नास वर्षांपूर्वी बनलेला, कधीच न वापरलेला. कोणीही विकत न घेतल्यामुळे तो आता एवढा महाग झाला आहे.

व्हॉल्व्हची नावे जादूच्या मंत्रांसारखी वाटली तरी त्यांत सगळे सांगितलेले असते. ईसीएल ८२ म्हणजे ‘ई’ ६.३ व्होल्टचा हीटर, ‘सी’ ट्रायोड, ‘एल’ आउटपुटचा पेंटोड, आणि ८ म्हणजे नऊ पायांची बैठक. ‘यू’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह स्वस्त रेडिओत घालत. त्यांचे हीटर एकापुढे एक जोडलेले असत, त्यामुळे एक गेला की सगळेच विझत. शिवाय अशा रेडिओत ट्रान्सफॉर्मर नसे. पिन उलटी घातली तर आतला सगळा सांगाडा जिवंत विजेचा होई. बटण निघालेल्या जागी उघड्या दांड्याला बोट लावून स्टेशन बदलायला गेलेल्या कित्येकांना याचा साक्षात्कार झालेला आहे.

रेकॉर्ड प्लेयरच्या बाबतीत शत्रू हवामान. जुन्या क्रिस्टल काट्रिजमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असे. रसायनशास्त्रात त्याला पोटॅशियम सोडियम टार्ट्रेट म्हणतात. सुईच्या थरथरीने तो दाबला की वीज निर्माण होते. युक्ती छान, स्वस्त, आणि कोरड्या देशासाठी उत्तम. पण हा स्फटिक दमट हवेत पाणी ओढून घेतो आणि विरघळतो. रत्नागिरीत किंवा पणजीत एखादा रेकॉर्ड प्लेयर बंद पडलेला सापडला आणि मालक शपथेवर म्हणाला, “आम्ही हातही लावला नाही हो,” तर त्याच्यावर विश्वास ठेवावा. हात पावसाळ्याने लावलेला असतो.

त्यानंतरचे मॅग्नेटिक काट्रिज टिकाऊ. त्यातले शुअर कंपनीचे नाव मोठे, आणि क्लबमध्ये रेकॉर्डी पुढेमागे घासणारे डीजे हे तिचे पक्के गिऱ्हाईक. त्यांच्यामुळे वर्षानुवर्षे सुया मिळत राहिल्या. शेवटी डीजेही लॅपटॉपवर गेले, आणि शुअरने २०१८ मध्ये काट्रिज बनवणे थांबवले. आता जपानमधल्या जिकोसारख्या कंपन्या त्या जुन्या काट्रिजांना बसतील अशा सुया करतात. तिथेही नियम तोच. ज्या मॉडेलचे भक्त पुष्कळ, त्याची सुई मिळते. ज्याचे थोडे, त्याने रेकॉर्डीची कव्हरे बघत बसावे.

टेपरेकॉर्डरला सर्वांत साधी वस्तू लागते, रबराचा पट्टा, आणि सर्वांत जास्त तीच छळते. जुना बेल्ट एक तर सैल पडतो, नाहीतर त्याचे डांबर होते. हे डांबर पुलीला चिकटते, बोटांना चिकटते, नंतर शर्टला, दाराच्या कडीला आणि संसारातल्या संबंधांना. नव्या बेल्टच्या शोधात लोकांनी काय काय वापरले याची यादी थक्क करणारी आहे. सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या चकत्या, औषधाच्या पुडीचे रबर, मुलीच्या केसांचे बँड. कॅसेट सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने सरकायला हवी. वेग सहा टक्क्यांनी घसरला की सूर जवळजवळ अर्ध्या पट्टीने उतरतो. म्हणजे काळी एकमध्ये गाणारे बुवा केसांच्या बँडवर पांढरी एकमध्ये गातात. बँड जाड असेल तर उलट वरच्या पट्टीतसुद्धा. गाण्यातले जाणकार म्हणतात, बुवांचा आवाज त्या दिवशी लागला नव्हता.

बेल्ट, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर यांपैकी काहीच मिळाले नाही तर शेवटचा मार्ग म्हणजे तेच मॉडेल दुसरे विकत घ्यायचे आणि त्यातला भाग काढायचा. या मार्गाने गेलेली माणसे घरच्यांना लगेच ओळखू येतात, कारण त्यांच्याकडे एकाच जातीची तीन यंत्रे असतात आणि तिन्ही बंद असतात. कारण सोपे आहे. एका मॉडेलच्या सगळ्या यंत्रांत एकच भाग कमकुवत असतो आणि सगळीकडे तोच आधी जातो. सोनीच्या ऐंशीच्या दशकातल्या ‘डीडी’ जातीच्या वॉकमनमध्ये मधले प्लॅस्टिकचे दातेरी चक्र तडकते आणि टकटक आवाज येऊ लागतो. त्यासाठी दुसरा वॉकमन आणला तर त्याचेही चक्र तडकलेले. शेवटी छंदिष्टांनी ते चक्र स्वतःच बनवायला घेतले. दाता म्हणून आणलेले यंत्र रुग्णच निघते, हा या क्षेत्रातला नेहमीचा अनुभव. यदाकदाचित ते यंत्र चांगले निघालेच, तर ते उघडायला हात धजत नाही, आणि त्याच्यासाठी आणखी एक दाता शोधायला सुरुवात होते.

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, याच्या नेमके उलट दृश्य दिसते. तिथे ग्रामोफोनचे सुटे भाग भरपूर आहेत, ग्रामोफोनच नाही. पितळेचा चकचकीत भोंगा नवा, लाकडी पेटी नवी, आत कुठल्या तरी मोडक्या सूटकेस ग्रामोफोनची चावीची मोटर, आणि वर कुत्र्याचे चित्र. हे सगळे जुळवून त्याला ‘शंभर साल पुराना’ म्हणतात. पेटीच्या पॉलिशचा वास अजून गेलेला नसतो. दिवाणखान्यात ठेवायला ही वस्तू झकास. फक्त तिच्यावर जुनी ७८ची रेकॉर्ड लावू नये, आणि लावलीच तर लोखंडी सुई दर बाजूला बदलावी. जुन्या काळी लोक खरोखर तसे करत, म्हणून तर सुयांच्या पत्र्याच्या डब्या आजही घरोघरी सापडतात. आत बहुधा टाचण्या असतात.

कधी कधी मात्र भाग बदलावाच लागत नाही, आणि तो क्षण कारागिराच्या आयुष्यात सणाचा. साठच्या दशकातल्या एएफ ११४ ते एएफ ११७ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांना चार पाय असतात. चौथा पाय बाहेरच्या धातूच्या टोपीला जोडलेला. या टोपीच्या आत कथिलाचे केसाहून बारीक तंतू आपोआप वाढतात आणि एके दिवशी आतल्या पायांना टेकतात. रेडिओ बंद. नवा एएफ ११७ शोधायला बाहेर पडण्यापूर्वी चौथा पाय कापून टाकला की रेडिओ पुष्कळदा पुन्हा बोलू लागतो. नुसती टिचकी मारली तरी तंतू तुटून काही काळ काम भागते. आजोबा रेडिओला थापट मारून चालू करत त्यामागे धातुशास्त्र होते, हे नातवंडांना फार उशिरा समजले.

आणि ज्यांना या कशाचीच झळ लागत नाही ते लोक म्हणजे गणेशोत्सव मंडळांचे स्पीकरवाले. दिल्लीची आहुजा कंपनी १९४० पासून ॲम्प्लिफायर आणि भोंगे बनवते आहे. तिच्या युनिटचा डायफ्राम दहीहंडी ते दिवाळी या काळात रोज कुठे ना कुठे फाटत असतो, म्हणून तो तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतो. एलए ४४४० हा सान्योचाच छोटा आयसी. गल्लीबोळातल्या ॲम्प्लिफायरांत तो इतका बसवला गेला, की चिनी कारखान्यांनी त्याच्या नकला करून त्याला अमर करून टाकले. लाखाच्या जपानी डेकचा एक आयसी मिळत नाही म्हणून त्याच्यावर फुलदाणी ठेवली जाते, आणि मंडळाचा कळकट, तीनदा पाण्यात भिजलेला ॲम्प्लिफायर आरतीच्या आधी पाच मिनिटांत दुरुस्त होतो. कोण मोठा, हे ज्याचे त्याने ठरवावे. कोण वाजतो, हे सगळ्या गल्लीला ऐकू येते.

तेव्हा जुने यंत्र घ्यायचे असेल तर दुर्मिळ मॉडेलच्या मागे लागू नये. त्या काळी जे सर्वांत जास्त खपले, ज्याला शेजारी नाक मुरडत, तेच घ्यावे. त्याचे भाग मिळतील. माळ्यावरून काढलेला रेडिओ थेट भिंतीच्या प्लगमध्ये घालू नये. कारागिराकडे साध्या बल्बचा सिरीज बोर्ड असतो. आत काही शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि रेडिओ वाचतो. उलट केले तर रेडिओ पेटतो.

घरातला रेडिओ, टेप, रेकॉर्ड प्लेयर बंद पडलेला असेल आणि दुरुस्त करायचाच नसेल, तर तो रद्दीबरोबर किलोच्या भावाने देऊ नका. गावात अजून कोणी ना कोणी जुना कारागीर असतोच. त्याच्याकडे नेऊन द्या, फुकट दिला तरी चालेल. तुमच्याकडच्या मेलेल्या यंत्रातली आयएफटी कॉइल, स्टेशन फिरवायची गँग, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, गावांची नावे छापलेली डायलची काच, यातले पुष्कळसे आज बाजारात सहज मिळत नाही, आणि कोणाचा तरी रेडिओ त्यासाठी अडून बसलेला आहे. देताना फक्त आठवण म्हणून त्याचे एक बटण काढून घेऊ नका. चारही लागतात.